आधुनिक जपानी मुद्राचित्रे : एक रसास्वाद

(द्वितीय वर्ष, कला)

'छापील चित्र' हे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा कॅलेंडर उभे राहते. लक्ष्मी, सरस्वती, दत्तगुरू यांच्या छापील तसबिरींना आपल्या घरांतून मोठा मान असतो. पण त्यांना कलाकृती असे कोणी म्हणत नाही. याला कारणही तसेच आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या रविवर्मा छापखान्याने चित्रांच्या रंगीत प्रती सर्वसामान्यांच्या घरात नेल्या. हे कार्य निःसंशय थोर होते. तथापि त्यामुळे आपल्या मनात एक समीकरण पक्के बसले : हाताने रंगवलेले चित्र हे मूळ आणि छापलेले चित्र ही त्याची नक्कल.

आधुनिक जपानी मुद्राचित्रांकडे वळताना हे समीकरण प्रथम बाजूला ठेवावे लागते. प्रस्तुत लेखात या कलेचा समग्र इतिहास सांगण्याचा हेतू नाही. मला मनापासून आवडलेल्या सहा कलावंतांच्या निर्मितीच्या आधारे, मुद्राचित्र म्हणजे काय आणि ते पाहावे कसे, एवढेच सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ही चित्रे मी ग्रंथांतून आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून पाहिली आहेत. कागदावर उमटलेला ठशाचा दाब छायाचित्रात पुरता दिसत नाही, ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. जपानी रिवाजाप्रमाणे नावांत आडनाव आधी लिहिले आहे.

ठसा आणि चार हात

जपानमध्ये लाकडी ठशांच्या छपाईची परंपरा फार जुनी आहे. होकुसाई या चित्रकाराची, सुमारे १८३१ साली निघालेली 'प्रचंड लाट' आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेली असते. त्या काळच्या अशा चित्रांना 'उकियो-ए' म्हणतात. हे चित्र तयार होण्यास चार हात लागत. प्रकाशक भांडवल घाली, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी, कोरणारा ते कोरी आणि छापणारा छापी.

रेखाटनाचा कागद फळीवर पालथा चिकटवत आणि त्यावरूनच कोरत. म्हणजे कोरता कोरता मूळ रेखाटन नष्ट होई. प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळा ठसा असे. सर्व ठसे कागदावर नेमके एकावर एक बसावेत म्हणून फळीच्या कडेला 'केंतो' नावाची खूण कोरलेली असे. ठशाला पाण्यात कालवलेला रंग कुंचल्याने लावायचा, त्यावर दमट कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालपटाने मढवलेल्या 'बारेन' या गोल गादीने कागदाची पाठ घासायची, अशी ही रीत. यंत्राचा दाब नाही, हाताचाच दाब.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या छापील चित्रामागे दुसरे कोणतेही 'मूळ चित्र' शिल्लक नसते. रेखाटन नाहीसे झालेले, ठसा उलटा आणि अपुरा. चित्र प्रथम जन्मते ते कागदावरच. म्हणून पन्नास प्रती निघाल्या तर त्या एका चित्राच्या पन्नास नकला नसून त्या पन्नासही प्रती मूळच होत. आजचे कलावंत चित्राखाली पेन्सिलीने १२/५० असे लिहितात, त्याचा अर्थ पन्नासांतील बारावी प्रत.

पण चार हातांपैकी मान मिळाला तो एका हाताला. जुन्या चित्रांवर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. लाटेच्या टोकाचे ते फेसाचे पंजे ज्याने पटाशीने सोडवले, त्याचे नाव आपण घेत नाही.

कोळी : यामामोतो कानाए

आधुनिक जपानी मुद्राचित्राचा आरंभ १९०४ साली झाला असे मानतात. त्या वर्षी यामामोतो कानाए या तरुणाने 'कोळी' हे लहानसे चित्र प्रसिद्ध केले. समुद्राकडे पाहत उभा असलेला एक कोळी, आणि रंग दोन-तीनच. प्रथमदर्शनी यात विशेष काय, असे वाटावे. विशेष हे की यामामोतोंनी ते स्वतः रेखाटले, स्वतः कोरले आणि स्वतः छापले.

यामामोतो लहानपणी लाकडावर कोरीव काम करणाऱ्याकडे उमेदवारी करून पुढे कलाशाळेत गेले होते. दुसऱ्यांची चित्रे हुबेहूब कोरून देणे हा त्यांचा शिकलेला धंदा होता. त्या धंद्यातल्या हातांनी त्यांनी आपले स्वतःचे चित्र कोरले, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. 'कोळी' पाहताना पटाशीचे घाव लपवलेले दिसत नाहीत. रेघ कुंचल्याची वाटावी अशी धडपड त्यात नाही. ती कोरलेलीच वाटते.

यातूनच पुढे 'सोसाकु हांगा' म्हणजे सर्जक मुद्राचित्र ही चळवळ उभी राहिली. आपणच रेखावे, आपणच कोरावे, आपणच छापावे, हे तिचे ब्रीद. त्याच काळात दुसरा एक पंथ जुनी श्रमविभागणी राखून नवी चित्रे काढत होता. त्या पंथातले योशिदा हिरोशी १९३०-३१ च्या सुमारास भारतात आले होते, आणि त्यांच्या त्या प्रवासावरील चित्रांत ताजमहाल व वाराणसीबरोबर आपले अजिंठा-वेरूळही आहे. ती चित्रे अतिशय देखणी आहेत. परंतु माझे मन ओढले गेले ते पहिल्या पंथाकडे. त्याचे कारण वाङ्मयीन नाही, घरगुती आहे.

माझे वडील सुतारकाम करतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. 'आमच्या हातात पटाशी आली, पोरीच्या हातात पेन राहू दे,' हे आमच्या घरातले नित्याचे वाक्य आहे. त्यामागची माया मला कळते. पण शिकणे म्हणजे हाताच्या कामापासून सुटणे, असा जो अर्थ त्यात आपोआप येतो, त्याच्याशी माझे मन अलीकडे भांडते. ज्या देशात शिकलेल्या चित्रकारांनी होऊन पटाशी हाती घेतली, त्या देशाची चित्रे मला म्हणूनच जवळची वाटली.

कवीचा चेहरा : ओंची कोशिरो

ओंची कोशिरो (१८९१–१९५५) हे या चळवळीचे खरे मार्गदर्शक. १९३९ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांच्या घरी मुद्राचित्रकार जमत, आणि युद्धकाळातही त्यांनी हे मंडळ टिकवले. त्यांची पुष्कळ चित्रे अमूर्त आहेत. परंतु माझे आवडते चित्र आहे ते कवी हागिवारा साकुतारो यांचे, १९४३ सालचे. कवी आदल्याच वर्षी वारले होते.

या चित्रात फक्त एक चेहरा आहे. खोल गेलेले गाल, विस्कटलेले केस, कपाळावर आणि डोळ्यांभोवती सुरकुत्यांचे जाळे. या सुरकुत्या काढलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत. आयुष्याने माणसाच्या चेहऱ्यावर जे करावे तेच पटाशीने लाकडावर केले आहे. तैलरंगात हा चेहरा इतका बोलका झाला असता का, अशी शंका येते.

याच चित्राने एक पेचही उभा केला आहे. ओंचींनी स्वतः याच्या मोजक्याच प्रती छापल्या होत्या. चित्राची कीर्ती वाढल्यावर पुढच्या प्रती त्यांचे तरुण सहकारी सेकिनो जुनइचिरो यांनी छापल्या. मग 'आपणच छापावे' या ब्रीदाचे काय झाले? सेकिनोंनी छापलेली प्रत कमी अस्सल मानायची का? मला तसे वाटत नाही. सेकिनो कोण होते आणि त्यांनी काय केले हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांचे नाव चित्राबरोबर घेतले जाते. जुन्या छापणाऱ्यात आणि त्यांच्यात फरक पडतो तो येथे. सर्व काही एकाच हाताने केले पाहिजे हा हट्ट मग दुय्यम ठरतो, आणि कोणाच्याही हाताचे काम लपता कामा नये ही गोष्ट मुख्य ठरते.

शारिपुत्र ते उपाली : मुनाकाता शिको

मुनाकाता शिको (१९०३–१९७५) हे उत्तर जपानातील आओमोरी गावच्या एका लोहाराचे चिरंजीव. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. दृष्टी इतकी अधू की कोरताना नाक जवळजवळ फळीला टेकायचे. तारुण्यात व्हॅन गॉगने त्यांना झपाटले होते आणि आपणही व्हॅन गॉग व्हायचे या निश्चयाने ते टोकियोला गेले. पुढे १९५५ साली साओ पाउलो आणि १९५६ साली व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्यांना मुद्राचित्राचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

'बुद्धाचे दहा महाशिष्य' ही त्यांची १९३९ सालची चित्रमालिका. हे दहा शिष्य आपल्याच भूमीतले. शारिपुत्र, मौद्गल्यायन, महाकाश्यप, आनंद, राहुल, उपाली ही नावे महाराष्ट्रातील अनेक घरांत आज आदराने घेतली जातात. दहा शिष्य आणि मंजुश्री व समंतभद्र हे दोन बोधिसत्त्व, अशा बारा उभ्या अरुंद चौकटी आहेत. रंग एकच, काळा.

प्रत्येक आकृती चौकटीत जेमतेम मावते. डोके वरच्या कडेला भिडलेले, पाय खालच्या कडेला. आकृतींना जागा अपुरी पडते आहे आणि तरीही त्या शांत उभ्या आहेत, हा विरोध विलक्षण आहे. कोठे वस्त्र काळे व शरीर पांढरे, तर कोठे याच्या उलट. त्यामुळे बारा चौकटी शेजारी-शेजारी ठेवल्यावर काळ्या-पांढऱ्याचा एक ताल धरला जातो. कोरणी खडबडीत आहे. पटाशी कोठून शिरली आणि कोठे थांबली हे मोजता यावे.

मुनाकाता १९४२ पासून 'हांगा' हा शब्द वेगळ्या अक्षराने लिहू लागले. रूढ अक्षराचा अर्थ ठसा किंवा छपाई. त्यांनी घेतलेल्या अक्षराचा अर्थ फळी. उच्चार तोच राहिला, पण छापलेल्या चित्राचे फळीचे चित्र झाले. लाकडात जे आहे त्याला वाट करून द्यायची, आपले म्हणणे लाकडावर लादायचे नाही, ही त्यांची भूमिका या एका अक्षरात सामावलेली आहे.

या मालिकेत मला सर्वांत भावते ती समान उंची. राहुल हा राजपुत्राचा पुत्र आणि उपाली हा शाक्यांचा न्हावी. लोहाराच्या मुलाने कोरलेल्या या चौकटींत दोघांनाही सारखीच जागा मिळाली आहे. बौद्ध परंपरा सांगते की संघाचे नियम उपालीला सर्वांत चांगले अवगत होते. वस्तऱ्यावर बसलेला हात विनयाच्या सूक्ष्म भेदांतही तितकाच तरबेज असावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. युद्धात दोन बोधिसत्त्वांचे ठसे नष्ट झाले आणि १९४८ साली मुनाकातांनी ते पुन्हा कोरले, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

न छापलेले बर्फ : साइतो कियोशी

साइतो कियोशी (१९०७–१९९७) यांचा जन्म फुकुशिमातील आइझु भागातला. लहानपणीच कुटुंब उत्तरेकडे होक्काइदो बेटावर गेले आणि साइतोंनी तेथे दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा धंदा केला. १९५१ साली साओ पाउलोच्या पहिल्याच प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, आणि जपानी मुद्राचित्रांकडे जगाचे लक्ष वळण्यास ते निमित्त झाले.

'आइझुचा हिवाळा' ही त्यांची दीर्घ मालिका मला अतिशय प्रिय आहे. जन्मभूमीचा तोच विषय त्यांनी अनेक वर्षे पुनःपुन्हा हाताळला. छपरांवर हातभर बर्फ, मधूनच डोकावणाऱ्या काळ्या भिंती, वाटेवर एखादी पाठमोरी व्यक्ती. हे बर्फ पाहताना एकदम ध्यानात येते की तेथे काहीही छापलेले नाही. बर्फ म्हणजे कोरा कागद! ठशाचा तो भाग कोरून काढून टाकला, म्हणून येथे बर्फ पडले. चित्रकार पांढरा रंग लावून बर्फ दाखवतो. मुद्राचित्रकार लाकूड काढून ते दाखवतो. मुद्राचित्र कसे पाहावे याचा मला या मालिकेने पहिला धडा दिला : जे छापले आहे त्याइतकेच जे छापलेले नाही त्याकडे पाहावे.

दुसरा धडा लाकडाच्या रेघांचा. साइतोंच्या पुष्कळ चित्रांत, विशेषतः मांजरांच्या, फळीच्या नैसर्गिक रेघा जशाच्या तशा उमटलेल्या असतात. तारेच्या ब्रशाने फळी घासली की मऊ भाग झिजतो, कठीण रेघा वर राहतात आणि छापताना त्याच रंग उचलतात. जुने कारागीर रेघ दिसू नये म्हणून जपत, असे नाही. त्यांनीही कधीकधी तिचा उपयोग करून घेतला आहे. पण साइतोंनी तिला चित्राचा अर्धा भाग दिला.

एकदा ही चित्रे मी वडिलांना दाखवली. चित्रकार कोण, बक्षीस कोणते, यांतले त्यांनी काही विचारले नाही. बराच वेळ पाहून ते म्हणाले, ''लाकूड कुठलं आहे?'' हा प्रश्न मला सुचला नव्हता. शोधता कळले ते असे : जुन्या चित्रांसाठी रानचेरीचे घट्ट लाकूड वापरत, आधुनिक कलावंत इतर मऊ लाकडे आणि प्लायवुडसुद्धा घेतात, कारण प्रत्येकाची रेघ वेगळी उमटते. प्लायवुडचे नाव ऐकून वडिलांना हसू आले. पण त्या एका प्रश्नाने माझी पाहण्याची रीत बदलली, हे मान्य केले पाहिजे.

वाहून आलेले लाकूड : इवामी रेइका

या क्षेत्रात स्त्रियांना स्थान मिळणे सोपे नव्हते. १९५६ साली योशिदा चिझुको, इवामी रेइका आदी कलावतींनी स्त्री-मुद्राचित्रकारांचा स्वतंत्र संघ स्थापन केला. इवामी (१९२७–२०२०) यांची चित्रे पाण्याची आहेत, पण त्यांत लाटा रेखलेल्या नाहीत. समुद्रकाठी वाहून आलेल्या लाकडांचे तुकडे त्या ठसे म्हणून वापरत. पाण्याने वर्षानुवर्षे झिजवलेल्या त्या लाकडाच्या रेघा कागदावर काळ्या रंगात उमटल्या की त्याच लाटा होतात. जोडीला सोनेरी चमक आणि रंगाशिवाय नुसत्या दाबाने उठवलेला पांढरा आकार.

म्हणजे येथे अर्धे कोरीव काम समुद्राने केले आहे. लाकूड शोधणे, निवडणे, योग्य जागी ठेवणे हेच कलावतीचे कोरणे. मुनाकातांनी फळीला मान दिला. इवामींनी तिला सहकारी केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

रोजनिशी : नोदा तेत्सुया

नोदा तेत्सुया (जन्म १९४०) यांनी १९६८ साली 'डायरी' या मालिकेस आरंभ केला आणि त्याच वर्षी टोकियोच्या आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रांना नावे अशी नाहीत, फक्त तारखा आहेत. २२ ऑगस्ट १९६८ च्या चित्रात त्यांचे कुटुंब आहे. पुढे मुलांचे वाढणे, घरी आलेली फळे-भाज्या, प्रवासातले एखादे दृश्य, असे चालूच राहिले.

त्यांची पद्धत मोठी नवलाची आहे. ते स्वतः छायाचित्र काढतात, त्यावर हाताने काही पुसतात, काही गडद करतात. मग यंत्राच्या साहाय्याने त्याचे स्टेन्सिल बनवतात. हे यंत्र सायक्लोस्टाईलच्या कुळातले. एके काळी आपल्याकडच्या महाविद्यालयांत प्रश्नपत्रिका ज्यावर निघत तेच कूळ. आणि शेवटी हाती बनवलेल्या जपानी कागदावर, लाकडी ठशाने दिलेल्या सौम्य रंगछटेवर, जाळीतून ते चित्र छापतात. सहीसोबत अंगठ्याचा ठसाही उमटवतात.

कॅमेरा आणि कचेरीतले यंत्र आले म्हणजे हात संपला, अशी आपली समजूत असते. नोदांची चित्रे ती खोटी ठरवतात. त्या छायाचित्रांत एक प्रकारची धूसर आठवण आहे, आणि ती येते कागदाच्या तंतूंतून व लाकडाच्या त्या फिकट छटेतून. आपल्याकडे अंगठ्याचा ठसा ही निरक्षरतेची खूण समजली जाते. कलाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या या कलावंताने तोच ठसा सहीच्या शेजारी ठेवावा, हे मला फार बोलके वाटते.

उपसंहार

यामामोतोंचे ब्रीद नोदांपर्यंत येता येता पुष्कळ बदलले. छपाई दुसऱ्याने केली, कोरणी समुद्राने केली, रेखाटन कॅमेऱ्याने केले. तरीही ही सारी एकाच कुळातली चित्रे आहेत हे डोळ्यांना पटते. कारण यांतल्या एकाही चित्राने आपण कशाचे आणि कसे झालो हे लपवलेले नाही. घाव घावासारखा दिसतो, लाकूड लाकडासारखे, कागद कागदासारखा. उत्तम कलेत श्रम दिसू नयेत असा एक संकेत आपण वर्गात शिकतो. ही चित्रे श्रम दाखवूनही सुंदर आहेत. किंबहुना म्हणूनच सुंदर आहेत.

आपल्या शिक्षणात डोक्याचे काम आणि हाताचे काम यांच्यामध्ये भिंत आहे. आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी ती भिंत ओलांडून इकडे येतो, आणि पलीकडे जे राहिले त्याची लाज बाळगायला नकळत शिकतो. या सहा कलावंतांनी मला एवढे निश्चित दाखवून दिले की पटाशीचे ज्ञान हेही ज्ञान आहे, आणि ते घेऊन वर्गात यायला हरकत नाही. आपल्या ग्रंथालयात जपानी कलेवरील पुस्तके कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. वाचकांनी ती अवश्य काढून पाहावीत, आणि पाहताना चित्रकाराच्या नावाआधी एकदा लाकडाची चौकशी करावी.